आर्स इलेक्ट्रॉनिका महोत्सव : एका सोलापूरकराच्या नजरेतून

सोलापुरात जकार्ड मागाच्या, म्हणजे भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांनुसार नक्षी विणणाऱ्या मागाच्या, खटखटाटात वाढलेल्या प्रत्येकाने ऑस्ट्रियातील लिंझ येथील आर्स इलेक्ट्रॉनिका महोत्सव एकदा तरी पाहावा, असे मी आग्रहाने सांगेन. डिजिटल आणि माध्यमकलांचा हा आंतरराष्ट्रीय महोत्सव १९७९ साली डॅन्यूबकाठच्या या पोलादनगरीत सुरू झाला. पहिल्याच वर्षी ऑस्ट्रियन संगीतकार ब्रुकनरची आठवी सिम्फनी नदीकाठी ध्वनिक्षेपकांवरून ऐकवली गेली, तेव्हा नागरिकांनी आपापले रेडिओ खिडक्यांत ठेवून ते सूर शहरभर पोहोचवले. गावाला सोबत घेण्याची ही वृत्ती मला सर्वाधिक भावली.

मी सर्वांत अधिक वेळ डीप स्पेस या दालनात रमलो. तेथे १६ मीटर रुंद व ९ मीटर उंच भिंतीवर आणि तेवढ्याच जमिनीवर एकाच वेळी प्रतिमा उमटत असल्यामुळे प्रेक्षक चित्रासमोर नव्हे, तर चित्रातच उभा राहतो. पुठ्ठ्यावरच्या भोकांच्या आज्ञेने चादरीवर मोर उतरताना ज्याने पाहिला आहे, त्याला संगणकाच्या आज्ञांतून घडणारी कला मुळीच परकी वाटत नाही. मला तर ती आमच्या मागाचीच पुढची पिढी वाटली.

काही कलाकृती शेजारचा फलक वाचल्याशिवाय उलगडत नाहीत. तेथे मी फार थांबलो नाही. १९८७ पासून आर्स इलेक्ट्रॉनिकातर्फे दिल्या जाणाऱ्या ‘गोल्डन निका’ या माध्यमकलेच्या पुरस्काराच्या विजेत्या कलाकृती मात्र चुकवू नयेत. सप्टेंबरमधील या भेटीसाठी किमान तीन दिवस हाताशी ठेवावेत.