गन क्रेझी (1950): त्या एका शॉटसाठी तरी पाहाच

बँकेवर दरोडा पडतो आणि कॅमेरा बँकेत पाऊलही टाकत नाही! दिग्दर्शक जोसेफ एच. लुईस यांनी कॅमेरा गाडीच्या मागच्या भागात ठेवला आणि तीन मिनिटांहून मोठा प्रसंग एकही कट न घेता चित्रित केला. आधी गाडी लावायला जागा मिळेल का याची चुळबुळ. नायक बार्ट आत जातो, तेवढ्यात बाहेर पोलीस येऊन उभा राहतो. बार्टची बायको आणि साथीदार लॉरी खाली उतरून त्या पोलिसाला बोलण्यात गुंतवते. मग सुसाट पळ. मागे वळून पाहणारा तिचा चेहरा नीट बघा: भीतीचा मागमूस नाही, चक्क आनंद आहे. पेगी कमिन्सनं तिथेच लॉरीची अख्खी व्यक्तिरेखा उभी केली.

बार्टचा नेम अचूक, पण माणूस मारायला हात धजत नाही. तिचा हात थांबत नाही. पुढचा सगळा घोळ त्यातूनच होतो. बालपणाचा भाग मात्र रेंगाळतो. कोर्टातल्या साक्षी फार समजावून सांगतात.

पटकथेत डाल्टन ट्रम्बो यांचा मोठा वाटा, पण ते हॉलिवूडच्या काळ्या यादीत (साम्यवादी असल्याच्या संशयावरून काम नाकारलेल्यांच्या यादीत) असल्यानं श्रेय मिलार्ड कॉफमन यांच्या नावावर गेलं.