नऊ जणांचे टेबल की सहा जणांचे? पोकर सुधारण्यासाठी दोन्हींवर खेळल्यानंतरचा अनुभव

नो-लिमिट होल्डेम (प्रत्येकाला दोन पत्ते, टेबलावर पाच सामायिक पत्ते आणि लावायच्या रकमेला मर्यादा नाही असा पोकरचा प्रकार) गांभीर्याने शिकू लागलेल्या माणसाला सराव नऊ जणांच्या भरलेल्या टेबलावर करावा की सहा जणांच्या, हा प्रश्न फार लवकर पडतो, आणि त्याचे उत्तर प्रत्येक जण आपापल्या सवयीप्रमाणे देतो. मी न्यू जर्सीत राहतो. या राज्यात पैसे लावून ऑनलाइन पोकर खेळणे नोव्हेंबर 2013 पासून कायदेशीर आहे आणि अटलांटिक सिटीतील पोकर रूमही गाडीने गाठता येतात, त्यामुळे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची सोय मला होती. गेले अनेक महिने सुट्टीच्या दिवशी 1/3 डॉलरचे (लहान ब्लाइंड 1, मोठा 3 डॉलर; ब्लाइंड म्हणजे पत्ते पाहण्यापूर्वी दोघांनी पाळीपाळीने भरायची सक्तीची रक्कम) नऊ जणांचे टेबल आणि इतर दिवशी रात्री 5/10 सेंटचे सहा जणांचे ऑनलाइन टेबल असा क्रम मी ठेवला. समोरासमोरचा खेळ आणि ऑनलाइन खेळ यांतील फरक हा टेबलाच्या आकाराचा फरक समजला जाऊ नये, म्हणून मधूनमधून ऑनलाइन नऊ जणांच्या टेबलावरही मुद्दाम बसलो. माझे मत आता बरेचसे पक्के झाले आहे: खेळ सुधारणे हाच उद्देश असेल, तर मुख्य सराव सहा जणांच्या टेबलावर, परवडेल त्याहून कमी रकमेवर करावा.

याचे कारण साध्या अंकगणितापासून सुरू होते. लहान ब्लाइंड मोठ्याच्या निम्मा असेल, तर टेबलाची एक फेरी पूर्ण होईपर्यंत प्रत्येक खेळाडूला दीड मोठा ब्लाइंड भरावा लागतो. नऊ जणांच्या टेबलावर शंभर डावांमागे हा खर्च सुमारे 16.7 मोठे ब्लाइंड होतो, तर सहा जणांच्या टेबलावर तो थेट 25 होतो. चांगल्या पत्त्यांची वाट पाहत स्वस्थ बसणे भरलेल्या टेबलावर काही काळ तरी चालून जाते. सहा जणांच्या टेबलावर मात्र अशी वाट पाहणाराच इतरांच्या उत्पन्नाचे साधन होतो. हातात एक्क्यांची जोडी येण्याची शक्यता 221 डावांत एकदा असते आणि कोणतीही जोडी येण्याची शक्यता सहा टक्क्यांच्या आसपास असते. टेबलावर माणसे किती आहेत, याचा या आकड्यांशी काही संबंध नाही.

बदलते ती समोरच्यांकडे काय असेल याची शक्यता. राणीची किंवा तिच्याहून मोठी जोडी, अथवा एक्का-राजा, असे पत्ते एकूण 1326 संभाव्य जोड्यांपैकी 34 आहेत. आठ प्रतिस्पर्ध्यांपैकी कोणाकडे तरी ते असण्याची शक्यता अंदाजे 19 टक्के, तर पाचांपैकी कोणाकडे असण्याची अंदाजे 12 टक्के. म्हणूनच भरलेल्या टेबलावर पहिल्या जागेवरून दहा-बारा टक्केच डाव खेळणे शहाणपणाचे ठरते, सहा जणांत तेच प्रमाण पंधरा-सतरा टक्क्यांपर्यंत जाते, आणि बटणावरून, म्हणजे पहिली फेरी सोडता शेवटी खेळणाऱ्या जागेवरून, दोन्हीकडे चाळीस टक्क्यांहून अधिक डाव उघडता (आपणच आधी रक्कम वाढवून खेळता) येतात. नऊ जणांच्या टेबलावर पहिल्या तिघांनी पत्ते टाकले, की उरतो तो सहा जणांचाच डाव. पहिल्या तिघांनी सोडलेल्या पत्त्यांमुळे उरलेल्या गड्डीत मोठे पत्ते किंचित जास्त असतात हे खरे, पण प्रत्यक्ष निर्णय बदलावा इतका तो फरक नसतो. त्यामुळे सहा जणांचा खेळ शिकणारा माणूस काही वेगळा खेळ शिकत नाही. तो भरलेल्या टेबलाचा उत्तरार्ध शिकतो, आणि सगळी अवघड कामे त्या उत्तरार्धातच असतात.

एक डाव तपशिलाने सांगतो, कारण माझा सगळा मुद्दा त्यात आला आहे. 5/10 सेंटच्या टेबलावर बटणावरच्या खेळाडूने 25 सेंटची रेज केली (रक्कम वाढवली), लहान ब्लाइंडने पत्ते टाकले आणि मी मोठ्या ब्लाइंडमध्ये बदामाची राणी आणि बदामाची नव्वी घेऊन आणखी 15 सेंट घातले. पॉट (टेबलावर जमलेली रक्कम) 55 सेंटचा झाला. फ्लॉपवर (पहिले तीन सामायिक पत्ते) चौकट राजा, किलवर नऊ आणि बदाम चार आले. मी चेक केल्यावर (काही न लावता पाळी सोडल्यावर) त्याने 18 सेंट लावले आणि मी कॉल केला (तेवढेच भरले). टर्नवर (चौथा सामायिक पत्ता) इस्पिक दुर्री आली, त्याने 60 सेंट लावले, मी पुन्हा कॉल केला. रिव्हरवर (पाचवा, शेवटचा पत्ता) किलवर सात आले आणि त्याने 2 डॉलर 11 सेंटच्या पॉटमध्ये 1 डॉलर 60 सेंट लावले. इथे कॉल करायचा तर दहापैकी तीन वेळा जिंकणे पुरेसे आहे. बटणावरून चाळीस टक्क्यांहून अधिक डाव उघडणाऱ्याकडे राजा पुष्कळदा असतो, पण फसलेले सीक्वेन्सही पुष्कळ असतात; त्यातून माझ्या हातातील राणीमुळे त्याच्याकडे राणी-गुलाम किंवा राणी-दहा असण्याची शक्यता घटते, म्हणजे ज्या डावांनी तो ब्लफ करील तेच कमी होतात. नव्वीबरोबर राणीऐवजी एक्का असता, तर कॉल अधिक सोपा होता. मी कॉल केला की नाही आणि पॉट कोणाला मिळाला, याला इथे महत्त्व नाही. दुसऱ्या क्रमांकाची जोडी घेऊन तीन वेळा पैसे मोजण्याचा विचार करायला लावणारा असा प्रसंग सहा जणांच्या टेबलावर जवळजवळ रोज रात्री येतो.

अटलांटिक सिटीच्या टेबलावर हा डाव झालाच नसता. तिथे 3 डॉलरच्या ब्लाइंडवर 12 ते 15 डॉलरची रेज सामान्य आहे, आणि तेवढ्या किमतीला राणी-नऊ पत्ते टाकण्याच्याच लायकीचे आहेत. शिवाय सुरुवातीच्या जागेवरून रेज करून तिन्ही वेळा मोठी रक्कम लावणारा मुरलेला खेळाडू तिथे क्वचितच ब्लफ करत असतो, त्यामुळे फोल्ड करायला (पत्ते टाकायला) विचारच लागत नाही. समोरासमोरच्या खेळात तासाला 25 ते 30 डाव होतात. म्हणजे दिवसभर बसून दोन-अडीचशे डाव, आणि त्यांपैकी खऱ्या अर्थाने डोके लढवावे लागेल असे अगदी थोडे. ऑनलाइन सहा जणांची दोन टेबले उघडली, तर तेवढे डाव दीड तासात होऊन जातात.

तरीही नऊ जणांच्या टेबलाला कमी लेखणे मला मान्य नाही. अगदी नव्या माणसाने आधी तिथेच बसावे, कारण जागेचे महत्त्व आणि पत्ते टाकण्याची शिस्त तिथे कमी खर्चात अंगवळणी पडते. चार-पाच जण फ्लॉप पाहायला येतात अशा डावांत लहान जोडीची किंमत कळते: जोडी असताना फ्लॉपवर त्याच क्रमांकाचा तिसरा पत्ता मिळण्याची शक्यता सुमारे 12 टक्के असते, आणि तो मिळाल्यावर पैसे देणारे कोणीतरी टेबलावर असावे लागते. निरीक्षणालाही तिथे भरपूर वेळ मिळतो. माझा अनुभव असा, की सहा जणांच्या टेबलावर काही महिने घासून घेतल्यानंतर हे निरीक्षण कितीतरी धारदार झाले. आधी मी फक्त कोण किती डाव खेळतो एवढेच मोजत असे, आता कोणत्या जागेवरून कोणती रक्कम लावली जाते हे आपोआप ध्यानात राहते.

सहा जणांच्या खेळाची खरी अडचण म्हणजे चढउतार. भरलेल्या टेबलावर शंभर डावांमागे प्रमाणित विचलन (निकाल सरासरीपासून किती दूर जातात याचे माप) साधारण 70 ते 80 मोठे ब्लाइंड धरतात, सहा जणांत ते 90 ते 100 धरतात. ते 95 मानले, तर दहा हजार डावांनंतरही निघालेल्या सरासरीत शंभर डावांमागे साडेनऊ ब्लाइंडांची अनिश्चितता उरते. चांगल्या खेळाडूची कमाई पाच ब्लाइंडांच्या आसपास असते, हे लक्षात घेतले की महिनाभराच्या नफ्या-तोट्यावरून स्वतःचे मोजमाप करणे किती निरर्थक आहे हे दिसते. मी त्याऐवजी दर आठवड्याला गोंधळात टाकणारे चार-पाच डाव निवडून सॉल्व्हरवर (योग्य खेळी गणिताने काढणाऱ्या संगणक प्रोग्रामवर) तपासतो. इथेही सहा जणांचा खेळ सोयीचा पडतो, कारण बहुतेक तयार तक्ते प्रत्येकाकडे शंभर मोठे ब्लाइंड इतक्या चिपा असलेल्या सहा जणांच्या टेबलासाठीच मांडलेले असतात. कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि फेसबुक यांच्या संशोधकांनी 2019 मध्ये ज्या प्लुरिबस या प्रणालीने व्यावसायिक खेळाडूंना हरवले, तीही सहा जणांच्या होल्डेमसाठीच होती.

रेकबद्दल (पॉटमधून कापले जाणारे शुल्क) एवढेच, की सहा जणांत आपण जास्त पॉटमध्ये उतरतो, त्यामुळे लहान रकमेच्या टेबलावर त्याचा भार जाणवतो. बसण्यापूर्वी टक्केवारीबरोबर कमाल मर्यादाही पाहावी.

भारतातील वाचकांसाठी परिस्थिती वेगळी आहे. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून ऑनलाइन खेळण्याच्या सेवांवर बंदी आली, त्यामुळे माझा ऑनलाइन क्रम तिथे जसाच्या तसा लागू करता येणार नाही. खोट्या चिपांच्या टेबलावर सराव करता येतो, पण गमावण्यासारखे काहीच नसल्यामुळे तिथे समोरचा माणूस कशालाही कॉल करतो, आणि वर सांगितल्यासारख्या डावातून शिकण्याजोगे काही उरत नाही. त्यापेक्षा एखाद्या जाणत्या मित्राबरोबर सॉल्व्हरचे तक्ते उघडून, पत्ते मांडून, एकाने बटण आणि दुसऱ्याने मोठा ब्लाइंड खेळणे अधिक उपयोगी पडेल.

अटलांटिक सिटीत रात्री उशिरा टेबलावरून एकेक जण उठू लागतो आणि पाच-सहा जण उरले, की बाकीचेही चिपा गोळा करून दुसऱ्या भरलेल्या टेबलाची चौकशी करू लागतात. पूर्वी त्यांत मीही असे. काही पोकर रूममध्ये माणसे कमी झाल्यावर विनंती केल्यास रेक कमी करतात. आता मी डीलरकडे ती विनंती करतो आणि बसून राहतो, कारण त्या वेळी समोर उरलेल्यांपैकी बरेच जण अजूनही नऊ जण बसले असल्यासारखेच पत्ते टाकत असतात.