लोआंगोचा सुळा की मांगबेटूचं डोकं?

ब्रिटनमधल्या लेस्टरला राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीच्या नावे शेजारच्या आजींनी मृत्युपत्रात दोन हस्तिदंती वस्तू ठेवल्या: एक कोरलेला सुळा आणि एका बाईचं डोकं. मूल्यांकनासाठी तज्ज्ञाची फी एकाच वस्तूपुरती भरायची, तर कुठल्या? डोकं जास्त देखणं, म्हणून तिचा कल तिकडे होता. मी म्हटलं, सुळा दाखव.

सुळा लोआंगो किनाऱ्याचा, म्हणजे काँगो नदीच्या मुखाच्या उत्तरेकडचा. तिथले विली कारागीर १९व्या शतकात युरोपीय व्यापाऱ्यांसाठी असे सुळे कोरत. बुंध्यापासून टोकापर्यंत वेटोळं घेत माणसांची रांग चढत जाते: डोक्यावर ओझं घेतलेले हमाल, झाडावर चढलेला गडी, साखळीने जखडलेले गुलाम आणि हॅटवाला साहेब. मैत्रिणीच्या सुळ्यावर भिंग धरलं, तर साहेबाच्या हातात बाटली! गिऱ्हाईकही साहेब आणि टिंगलही त्याचीच. तेव्हा ‘परदेशी गिऱ्हाइकाचा माल’ म्हणून नाक मुरडायचं कारण नाही.

डोकं मांगबेटू या काँगोतल्या समाजाच्या धर्तीचं, बेल्जियन राजवटीतल्या काँगोतलं: लहानपणी बांधून लांबवलेली कवटी, वर पंख्यासारखा केशसंभार. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात आणि पुढेही अशी डोकी गोऱ्यांसाठी भरपूर बनली. बरीचशी एका साच्यातून काढल्यासारखी. एखाद्याच्या कानापाशी, पापण्यांपाशी कारागिराचा जीव रमलेला दिसतो, पण ते विरळा.

अस्सलपणा तपासायलाही सुळा सोपा. बुंध्याच्या आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी दिसते. हाडावर तिच्याऐवजी काळसर ठिपके असतात, सेल्युलॉइडवर, म्हणजे जुन्या नकली हस्तिदंती प्लॅस्टिकवर, सरळ समांतर पट्टे. डोक्याचा तळ मात्र लाकडी बैठकीत चिकटवलेला, त्यामुळे जाळी झाकलेली. तापलेली सुई टोचायचा जुना उपाय करू नका, वस्तूला कायमचा डाग पडतो. पिवळेपणावरही भाळू नका. चहाच्या पाण्यानेही तो आणता येतो.

माझं मत ठरलं ते कायद्यामुळे. ब्रिटनचा २०१८चा हस्तिदंत कायदा जून २०२२पासून लागू आहे. अशी संपूर्ण हस्तिदंती वस्तू १९१८पूर्वीची आणि कला, संस्कृती किंवा इतिहासाच्या दृष्टीने असामान्य ठरली, तरच प्रमाणपत्र घेऊन कुणालाही विकता येते. अर्जाची फी २५० पौंड. सुळ्याला निदान दार ठोठावता येईल, तेही कोरीव काम उत्तम असेल आणि फारशी मोडतोड नसेल तर. संपूर्ण हस्तिदंती आणि १९१८नंतरचं डोकं मान्यताप्राप्त संग्रहालयाखेरीज कुणाला विकायची वाटच नाही. त्याचं मूल्यांकन विम्यापुरतं. भेट मात्र देता येतं.

भारतात आणून विकू, हा विचारही नको. वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या १९९१च्या दुरुस्तीपासून आफ्रिकी हस्तिदंताचा व्यापारही इथे बंद आहे.

सुळा आता जुन्या सुती साडीत गुंडाळून तज्ज्ञाकडे गेलाय. डोकं तिने दिवाणखान्यात, हीटरपासून लांब ठेवलंय. कोरड्या उष्णतेने हस्तिदंताला उभ्या भेगा पडतात.