बोट जाड, किनार बारीक : टॅबवरच्या लिनक्सचे ८ महिने

सोयाबीनची आवक जोरात असताना लॅपटॉप मेला. दुरुस्तीवाल्यानं मदरबोर्डचे ७,५०० सांगितले. अख्खा लॅपटॉपच मी ११ हजारांत सेकंडहँड घेतलेला! म्हणलं, राहू द्या. बहिणीच्या ऑनलाइन क्लासचा १० इंची टॅब घरात पडूनच होता. त्यावर टर्मक्स (अँड्रॉइडवर लिनक्सच्या कमांड चालवणारं ॲप) टाकलं, त्यात प्रूट-डिस्ट्रो या साधनानं डेबियन लिनक्स (विंडोजसारखीच, पण फुकट सिस्टिम), त्यावर एक्सएफसीई म्हणजे खिडक्या-मेनूवालं डेस्कटॉप, आणि चित्र दिसायला टर्मक्स-एक्स११ ॲप. टॅब रूट करावा (अँड्रॉइडचं आतलं कुलूप उघडावं) लागत नाही, एक रुपया लागत नाही. पहिल्या दिवशी मराठीच्या जागी नुसते डब्बे दिसले. लोहित देवनागरी फॉन्ट टाकल्यावर अक्षरं आली.

काम एवढंच: मोंढ्यात काकांची आडत आहे, तिथल्या शेतमालाच्या हिशेबाच्या पट्ट्या लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये (एक्सेलसारखा फुकट प्रोग्राम) करायच्या. वजन, भाव, हमाली, तोलाई. अँड्रॉइडवरच्या फुकट शीट ॲपांनी माझी सूत्रं दोनदा बिघडवली, म्हणून हा खटाटोप.

आता मूळ दुखणं. खिडकीची किनार! एक्सएफसीईत खिडकी लहान-मोठी करायची तर ती केसाएवढी किनार पकडावी लागते. माझं बोट त्या किनारीच्या दहापट जाड. पट्टी आणि भावाचा तक्ता शेजारी-शेजारी लावायचा म्हणून मी एकदा वीस मिनिटं कोपरा टोकरत बसलो. काका म्हणाले, "काय टोचायलास रे त्या पाटीला?" ऑल्ट दाबून राइट क्लिकनं ओढलं की किनार लागत नाही, हे मला ठाऊक आहे. पण ते माऊसवाल्यांसाठी. ऑल्ट धरून दोन बोटांनी राइट क्लिक आणि वरून ओढायचं, म्हणजे तिसरा हात लागतो.

खिडक्यांची थीम बदलून डिफॉल्ट-एक्सएचडीपीआय केली. बंद करायची फुली पहिल्या झटक्यात लागायला लागली. कोपरा मात्र दहात चारदाच.

मधे सगळंच सोडून देणार होतो. चालू पट्टीत अख्खं डेस्कटॉप गायब आणि टर्मक्समध्ये 'सिग्नल ९', म्हणजे जबरदस्तीनं बंद केल्याचा निरोप. महिनाभर रॅमला शिव्या दिल्या. दोषी निघालं अँड्रॉइड. आवृत्ती १२ पासून ॲपांनी मागं सोडलेल्या प्रोसेस (पडद्याआड चालणारी कामं) ३२ च्या वर गेल्या की ते मारून टाकतं, आणि अख्खं डेस्कटॉप म्हणजे प्रोसेसची जत्राच. डेव्हलपर ऑप्शनमधलं वायरलेस डीबगिंग चालू करून, टर्मक्समधूनच एडीबी (अँड्रॉइडला आतून हुकूम द्यायचं साधन) जोडून ती प्रोसेसवरची पाळत बंद केली. दुसरा कॉम्प्युटर लागला नाही. तेव्हापासून ४ महिने एकदाही मेलं नाही, म्हणून आधी मनातल्या मनात दिलेला एक तारा वाढवून तीन करतो.

हळू आहे, ते खरंच. प्रूट प्रोग्रामचे सिस्टिम कॉल (सिस्टिमकडं केलेल्या मागण्या) मधेच अडवून बघतं, त्यामुळं कॅल्क उघडेपर्यंत चहा अर्धा होतो. एकदा उघडलं की ६०० ओळींची शीट बिनतक्रार चालते. वीज गेली तरी टॅब चालूच, हे लॅपटॉपच्या मेलेल्या बॅटरीला कधी जमलं नव्हतं. पीडीएफ शेअर्ड फोल्डरमध्ये टाकली की थेट शेतकऱ्याच्या व्हॉट्सॲपवर.

किनारीचं उत्तर मागच्या महिन्यात सापडलं: ऑल्ट आणि एफ८ दाबायचं, मग बाणांनी खिडकी ताणायची. सापडलं तेव्हा मी ओटीजी (टॅबला माऊस जोडायचा तुकडा) आणि माऊस विकत घेऊन बसलेलो होतो. दोन्हीचे मिळून ३४०. काकांना म्हणलं, दुकानखर्चात टाकू का? "पाटी तुझी, उंदीर तुझा," म्हणाले.