आरसिसलॉग: राउटर-स्विचच्या अलार्मसाठी फुकटातला पण पक्का लॉग सर्व्हर

अंधेरीला मुख्य ऑफिस आणि ठाणे, वाशी, वसईला शाखा असा पसारा असेल, तर नेटवर्कचे लॉग, म्हणजे घडामोडींच्या नोंदी, राउटरच्या भरवशावर सोडू नयेत. वीज गेली की त्याचा बफर (तात्पुरती मेमरी) पुसला जातो. हे लॉग बाहेर साठवायला आरसिसलॉग हा लिनक्सवरचा प्रोग्रॅम उत्तम आहे. उबुंटू सर्व्हरवर तो सहसा आधीच असतो आणि परवान्याचा खर्च शून्य. फक्त नेटवर्कवरून लॉग घेणारे आयएमयूडीपी मॉड्यूल चालू करून फायरवॉलमध्ये यूडीपी पोर्ट 514 उघडावे लागते.

गफलत बहुतेक वेळा डिव्हाइसच्या बाजूला होते. सिस्को आयओएसवर (सिस्को राउटर-स्विचची प्रणाली) 'लॉगिंग होस्ट'पुढे सर्व्हरचा आयपी टाकून लोक गर्दी नको म्हणून 'लॉगिंग ट्रॅप वॉर्निंग्ज' लावतात. मग 0 ते 4 पातळीचेच संदेश जातात (आकडा जितका लहान, तितका संदेश गंभीर). पोर्ट बंद पडल्याचा संदेश पातळी 3 चा, तो दिसतो. ओएसपीएफ किंवा बीजीपीचा (राउटरांनी एकमेकांना मार्ग कळवण्याच्या पद्धती) शेजारी राउटर तुटल्याचा मात्र 5 चा, तो येतच नाही. केबल शाबूत, बिघाड प्रोव्हायडरच्या आत, आणि सर्व्हरवर एक ओळ नाही! म्हणून पातळी 'नोटिफिकेशन्स' (5) पेक्षा कमी ठेवू नका. थेट डिबगिंगही (7) नको, डिस्क भरते.

'लॉगिंग सोर्स-इंटरफेस' लूपबॅकला (राउटरमधला कायम चालू असणारा आभासी पोर्ट) बांधा. नाहीतर बॅकअप लिंकवर गेलेला राउटर वेगळ्या आयपीने बोलतो आणि आयपीनुसार फायली पाडणारा आरसिसलॉगचा टेम्प्लेट त्याच्या दोन फायली करतो.

एकच लिंक असलेल्या शाखेत लिंक पडल्याचा संदेश त्या पडलेल्या लिंकवरूनच निघतो. यूडीपीत पोच नसते, त्यामुळे तो हरवतो. तिथे 'लॉगिंग बफर्ड'ने राउटरचा बफर वाढवून ठेवा. यूडीपीऐवजी पोच देणारा टीसीपी वापरणार असाल तर सिस्को एएसए फायरवॉल जपून: लॉग सर्व्हर बंद पडला की तो नवी कनेक्शन्स अडवतो. 'लॉगिंग परमिट-होस्टडाउन' आधी लिहा.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांप्रमाणे लॉग 180 दिवस ठेवायचे आणि घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) वेळेशी जुळवायची. आरसिसलॉग जुन्या फायली स्वतः हटवत नाही; जुन्या फायली फिरवणाऱ्या लॉगरोटेट या साधनात नव्या फोल्डरची वेगळी नोंद करा, रोज फिरवा, 180 प्रती ठेवा. फाइल फिरवल्यावर आरसिसलॉगला हप (HUP) सिग्नल, म्हणजे फाइल नव्याने उघडण्याचा इशारा, द्यायलाच हवा, नाहीतर तो जुन्याच फाइलमध्ये लिहीत राहतो.

उणीव एकच, पण मोठी: कॉन्फिगरेशनच्या जुन्या आणि नव्या पद्धती एकत्र चालतात, त्यामुळे नवखा गोंधळतो. बदल केल्यावर 'आरसिसलॉगडी -एन1' (rsyslogd -N1, एन कॅपिटल) ने तपासा, मग रिस्टार्ट करा. शेवटी एखादा रिकामा लूपबॅक बंद-चालू करून टीसीपीडंप या पॅकेट दाखवणाऱ्या साधनावर पोर्ट 514 चे पॅकेट येताना पाहा.