तलावाचा अलार्म आणि पाळीव प्राणी : वापरानंतरचा अभिप्राय

घरच्या पोहण्याच्या तलावासाठी मी दोन प्रकारचे अलार्म वापरले. पहिला काठावर बसवायचा असून त्याची नळी पाण्याखाली राहते, आणि काही पडल्यावर निर्माण होणाऱ्या लाटेच्या दाबावरून तो वाजतो. असे अलार्म मुख्यतः लहान मुलांचा विचार करून बनवले जातात, त्यामुळे आमचा मोठा कुत्रा उडी मारताच भोंगा वाजला, परंतु मांजराच्या वजनाची पाण्याची पिशवी पायऱ्यांवरून अलगद सोडली असता तो गप्पच राहिला. प्राणी अनेकदा असेच आवाज न करता पाण्यात घसरतात, म्हणून ही उणीव मला गंभीर वाटते.

दुसरा प्रकार गळपट्ट्याला लावायचा आहे. हा सेन्सर पाण्यात बुडताच घरातील यंत्र वाजते, त्यामुळे प्राण्याचे वजन किंवा लाटेचा जोर यांचा प्रश्नच उरत नाही. मांजरासाठी मी हाच निवडला. मात्र गळपट्टा काढला की संरक्षणही संपते, आणि कुत्रा पाण्याच्या भांड्यात तोंड घालतो तेव्हा खोटी सूचना येऊ शकते.

मोबाइलवरील सूचना सोयीची असली तरी ती वाय-फायवर अवलंबून असते. घरात मोठ्याने वाजणारा भोंगा मी अधिक महत्त्वाचा मानतो. बॅटरी दर महिन्याला तपासावी. अलार्म फक्त बोलावतो, बाहेर काढत नाही. म्हणून कुंपणासोबत प्राण्यांना पाण्याबाहेर येण्यासाठी उतार (रॅम्प) मी बसवून घेतला आणि कुत्र्याला त्यावरून वर यायला शिकवले.