डेमोसाठी विंडोजचं दुसरं खातं : फुकटात चोख, पण टॅलीवाल्यांनी जपून

लातूरच्या मोंढ्यात आडत्याला टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर दाखवायचं म्हणजे लॅपटॉप गादीवर मांडायचा आणि मालक, मुनीम, पट्टीची वाट बघत बसलेले शेतकरी अशा सगळ्यांनी वाकून बघायचं. हमाली-तोलाई कुठे टाकायची ते राहतं बाजूला. कोपऱ्यात घरचा व्हॉट्सअ‍ॅप उमटला की आधी तोच वाचला जातो.

म्हणून डेमोला मी विंडोजमध्येच वेगळं युजर खातं वापरतो. सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युजर्स इथून ते निघतं. मायक्रोसॉफ्ट ईमेल मागत राहतं. ‘मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवाय युजर’ हा पर्याय मुद्दाम दडवल्यासारखा आहे, पण आहे. खातं ‘स्टँडर्ड’च ठेवा. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर केलंत तर ‘कंटिन्यू’ दाबून तुमचे फोल्डर उघडता येतात, मग वेगळं कशाला केलं?

प्रत्येक युजरचा अ‍ॅपडेटा फोल्डर निराळा. ब्राउझरचे पासवर्ड, हिस्ट्री, अलीकडे उघडलेल्या फायली, सगळं त्यातच असतं, त्यामुळे नवं खातं कोरं करकरीत. प्रोग्रॅम फाइल्समध्ये बसवलेलं सॉफ्टवेअर मात्र दोन्हीकडे चालतं.

दुसरे पर्याय तोकडे. क्रोमचं वेगळं प्रोफाइल फक्त ब्राउझरपुरतं. विंडोज सँडबॉक्स, म्हणजे विंडोजच्या आतलंच तात्पुरतं कोरं विंडोज, होम आवृत्तीत मिळतच नाही, आणि बंद केला की आतलं सगळं पुसून टाकतो. दर डेमोला टॅली नव्याने बसवायला सोयाबीनच्या हंगामात कोण थांबतंय?

आता खरी मेख. टॅलीप्राइम आपला डेटा मुळात ‘पब्लिक’ फोल्डरमध्ये ठेवतं आणि तो सगळ्या खात्यांना दिसतो. डेमो खात्यातही कंपन्यांच्या यादीत तुमची सगळी गिऱ्हाइकं हजर! शेजारच्या आडतीचं नाव दिसलं की मालक टॅली सोडून विचारणार, “यांची उलाढाल किती हो वर्षाची?” याला नुसतं वेगळं खातं काही करू शकत नाही. मी पब्लिकमध्ये फक्त एक खोटी आडत ठेवली. खरा डेटा माझ्या डॉक्युमेंट्समध्ये, तो टॅलीत ‘स्पेसिफाय पाथ’ने, म्हणजे फोल्डरचा पत्ता देऊन उघडायचा. रोजचा एक जास्तीचा खटाटोप, पण डेमो खात्याला तिथे शिरता येत नाही.

‘स्विच युजर’ने गेलात तर पहिल्या खात्यातले प्रोग्रॅम मागे चालूच राहतात. माझ्या ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपला ते झेपत नाही, तेव्हा दुकानाची पायरी चढण्याआधीच साइन आउट करतो.

पाचपैकी चार.